तीन मीटरचा खांब आणि दीडशे मिलिमीटरचा तुकडा

वाचक विचारतात

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. शिवाजी उद्यमनगरात माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. आजवर ग्रिल, शटर, एमएसचे शेड केले. आता राजारामपुरीतल्या एका गिऱ्हाइकाला गच्चीवर २००० लिटर पाण्याच्या टाकीसाठी तीन मीटर उंच स्टँड हवाय. आधीचा लोखंडी स्टँड गंजला, म्हणून या वेळी अ‍ॅल्युमिनिअमच पाहिजे असा त्यांचा हट्ट आहे. मी ५० बाय ५०, दोन मिमी जाडीचा चौकोनी पोकळ सेक्शन धरलाय, ६०६३-टी६ मिश्रधातूचा. सर्टिफिकेटवर प्रूफ स्ट्रेस १७० आहे. क्षेत्रफळानं गुणलं तर एका खांबाला साडेसहा टन येतात, चार खांबांना सव्वीस. टाकी भरली तरी दोन टनच. तरी खात्री करावी म्हणून टेस्टिंग लॅबमध्ये विचारलं, तर त्यांनी १५० मिमीचा तुकडा आणायला सांगितलं. थोरला मुलगा डिप्लोमाला आहे. तो म्हणतो, तुकड्याची टेस्ट करून काय कळणार, अख्खा खांब उभा करून वर वाळूची पोती रचू. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दादा, तुमच्या मुलाचं पहिलं म्हणणं सोळा आणे खरं आहे. दुसरं मात्र कृपा करून करू नका, त्याचं कारण पुढे सांगते. आणि हे वाचून होईपर्यंत गिऱ्हाइकाला शब्द देऊ नका. तुम्ही लिहिलेल्या मापाचा स्टँड तिरक्या पट्ट्या न लावता उभा केलात, तर टाकी निम्मी भरते न भरते तोच तो आडवा होईल. आकडेमोड खाली देते, स्वतः करून पाहा.

तुमचं गणित चुकलेलं नाही. ५० च्या चौरसातून आतला ४६ चा चौरस वजा केला की ३८४ चौरस मिमी धातू उरतो. त्याला प्रूफ स्ट्रेसनं, म्हणजे ज्या ताणाला धातू कायमचा दबू लागतो त्या १७० न्यूटन प्रति चौरस मिमीनं, गुणलं की ६५,२८० न्यूटन, म्हणजे ६.६ टन. एवढ्या वजनाला धातू चिरडायला लागेल. पण तीन मीटरचा सडपातळ खांब चिरडून मोडतच नाही. तो मधोमध बाक घेतो आणि बाजूला जातो. तसं होताना धातूची ताकद जवळजवळ सगळी शिल्लक असते, ती कामाला येत नाही एवढंच.

वर्कशॉपमधलं हॅकसॉचं ब्लेड घ्या आणि दोन्ही टोकं तळहातांत धरून दाबा. जरा जोर लावला की ते बाक घेतं, सोडलं की पुन्हा सरळ. पोलादाला ओरखडासुद्धा आलेला नसतो, तरी त्यापुढे ते वजन घेत नाही. आता तेच ब्लेड मध्यावर चिमट्यात धरा, म्हणजे निम्मीच लांबी वाकायला मोकळी राहील, आणि पुन्हा दाबा. चौपट जोर लागेल. प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी मुलांच्या हातात मी हेच द्यायची. फळ्यावर सूत्र नंतर.

सूत्र लिओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाचं. ते त्यानं १७४४ मध्ये छापलं, तेव्हा अ‍ॅल्युमिनिअम धातू कुणी डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता. तो पहिल्यांदा वेगळा काढला गेला १८२५ मध्ये. सूत्र असं : पायचा (३.१४ चा) वर्ग, गुणिले ई, गुणिले आय, भागिले लांबीचा वर्ग. ई म्हणजे धातूचा ताठपणा, आय म्हणजे धातू मध्यापासून किती लांब पसरला आहे त्याचं माप. नीट बघा, तुमच्या सर्टिफिकेटवरचा १७० या सूत्रात कुठेच नाही.

तुमच्या सेक्शनचा आय १,४७,७१२ येतो. अ‍ॅल्युमिनिअमचा ई ७०,००० न्यूटन प्रति चौरस मिमी, पोलादाचा साधारण दोन लाख. लांबी ३००० मिमी आणि दोन्ही टोकं जागेवर धरलेली पण फिरायला मोकळी, असं धरलं तर उत्तर येतं ११,३०० न्यूटन, म्हणजे १.१५ टन. साडेसहाचे सव्वा टनाच्याही खाली आले. हाच सेक्शन पोलादाचा असता तर ३.३ टन घेतले असते. तुमचा हात लोखंडावर बसलेला आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते. लोखंडात जे माप नजरेनं पास होतं, त्याच मापाचं अ‍ॅल्युमिनिअम बाक घेण्याच्या बाबतीत एकतृतीयांशावर येतं. वजन एकतृतीयांश, ताठपणाही एकतृतीयांश.

आणि ६०६३ सोडून महागडं ६०६१-टी६ आणलंत, सर्टिफिकेटवर १७० च्या जागी २४० आले, तरी हा तीन मीटरचा खांब आधीच्याच वजनाला वाकेल. ई दोघांचा जवळपास तोच. पैसे वाया.

हे झालं वरचं टोक बाजूला सरकत नाही असं धरून. तुमच्या स्टँडला तिरकं ब्रेसिंग, म्हणजे त्या तिरक्या पट्ट्या, नाही आणि वरच्या चौकटीचे जोड एकेका बोल्टवर आहेत असं पत्रासोबतच्या तुमच्या स्केचमध्ये दिसतं. मग वरचं टोक सगळीकडे हलायला मोकळं. खालची बेस प्लेट कितीही घट्ट आवळा, अशा खांबाची हिशेबातली लांबी दुप्पट होते, तीन मीटरची सहा. लांबीचा वर्ग भागाकारात आहे, म्हणून ताकद चौथ्या हिश्श्यावर येते : एका खांबाला सुमारे २९० किलो, चार खांबांना ११६० किलो. टाकीचं आणि चौकटीचं वजन वजा करा. एक हजार लिटरच्या थोडं पुढे गेलं की स्टँड कलणार, तेही खांब अगदी सरळ आणि वारा शून्य असेल तर. पावसाळ्यात गच्चीवर वारा शून्य कधी असतो?

आता लॅबच्या तुकड्याविषयी. त्यांनी १५० मिमी मागितला ते योग्यच आहे. सेक्शनच्या रुंदीच्या साधारण तिप्पट उंचीचा तुकडा या चाचणीला घेतात. एवढा बुटका तुकडा बाक घेऊ शकत नाही, म्हणून त्यातून दोनच गोष्टी कळतात. धातू किती दाब सोसतो, आणि सेक्शनच्या भिंतीला सुरकुती पडते का. तुमच्या सेक्शनची भिंत रुंदीच्या मानानं पुरेशी जाड आहे, सुरकुती आधी पडणार नाही. त्यामुळे रिपोर्ट साडेसहा टनांच्या आसपासच येईल, आणि तो रिपोर्ट शंभर टक्के खरा असेल. फक्त तो १५० मिमीच्या तुकड्याचा असेल. तीन मीटरच्या खांबाबद्दल त्यात एक अक्षरही नसेल.

मला सगळ्यात जास्त काळजी या जागेची वाटते. लॅबमधल्या नेहमीच्या यूटीएमच्या (दाब-ताण चाचणीच्या यंत्राच्या) दोन पाटांमध्ये तीन मीटरचा खांब मावत नाही, म्हणून तुकडा जातो. तुकड्याचा कागद हातात आला की तो फाइलला लागतो, फाइलवर सही होते, आणि खांब गच्चीवर चढतो. मधे कुणीही खोटं बोललेलं नसतं. कामाला आलेल्या माणसांना मी वर्षानुवर्षं हेच विचारत आले, की खांबाची लांबी किती आणि टोकं कशी धरलीत? बहुतेक वेळा समोरच्याला वाटायचं, बाई विषय बदलतायत.

तेव्हा अख्ख्या खांबाची चाचणी करा. मात्र वाळूच्या पोत्यांनी नको. पोती हे सुटं वजन. खांब वाकायला लागला की ती त्याच्याबरोबर खाली येतात आणि वजन तसूभरही कमी होत नाही. म्हणजे बाक सुरू झाला की थांबायला जागाच नाही, एक टन वाळू तुमच्या मुलाच्या अंगावर. जॅकचं तसं नसतं. खांब जरा आखूड झाला की जॅकचा दाब आपोआप उतरतो आणि तुम्हाला हात आवरता येतो.

मोठी लोडिंग फ्रेम असलेली स्ट्रक्चर लॅब काही इंजिनिअरिंग कॉलेजांत असते, आधी तिथे विचारा. नाहीच जमलं तर तुमच्याच शॉपमध्ये आडवी चौकट करता येईल. जमिनीवर दोन टोकांना दोन जाड चॅनेल, त्यांना जोडणारे दोन्ही बाजूंचे टाय रॉड, मध्ये खांब, एका टोकाला हायड्रॉलिक जॅक, आणि जॅक व खांबाच्या मध्ये दाब मोजायला लोडसेल किंवा जुनी प्रूव्हिंग रिंग. जॅकच्या गेजवर विसंबू नका. आतल्या घर्षणानं तो आकडा फसवतो. खांबाच्या दोन्ही टोकांना जाड प्लेट, प्लेटच्या बरोबर मध्यावर ड्रिलनं खळगा, आणि खळग्यात बेअरिंगची पोलादी गोळी. टोक मोकळं फिरायला एवढं पुरतं. चाचणीची लांबी मोजायची ती गोळीच्या मध्यापासून गोळीच्या मध्यापर्यंत.

टोकं तशीच सपाट ठेवून दाबलंत तर काय होईल? सपाट टोक दाबाखाली पाटाला चिकटून बसतं आणि फिरायला नकार देतं. खांब मग दोन्हीकडे पक्का धरल्यासारखा वागतो, कागदावर चौपट वजन घेतो. तुम्ही खूश व्हाल. गच्चीवरच्या बोल्टला ती पकड कुठून येणार?

दाबण्याआधी खांबाला दोरी ताणून बाक मोजा. एक्सट्रूजन कारखान्यात सेक्शन ताणून सरळ करतात, तरी टेम्पोतून उद्यमनगरापर्यंत येताना तो काय काय सोसतो तुम्हाला माहीत आहे. सापडलेला बाक आडव्या दिशेला येईल असा खांब फिरवून ठेवा आणि मध्यावर बाक मोजायला आडवा डायल गेज लावा. खांब आडवा असल्यानं स्वतःच्या वजनानं तो मिलिमीटरभर खालीही झुकेल, म्हणून दुसरा डायल वरून लावलेला बरा.

तुमच्या खांबात मुळातच ३ मिमी बाक आहे असं समजू. हिशेबाप्रमाणे ४ किलोन्यूटनला तो १.६ मिमीनं वाढेल, ६ ला ३.४, ८ ला ७.२, ९ ला साडेअकरा. बघा, चारावरून सहाला दोन मिमीसुद्धा सरकला नाही, आणि आठावरून नवाला एकदम चार. मुलाला सांगा, नवावर थांबायचं. खांब मोडायची गरज नाही. १९३२ मध्ये साउथवेल या इंग्रज इंजिनिअरनं एक युक्ती दिली. प्रत्येक नोंदीला वाढलेला बाक भागिले वजन काढायचं आणि आलेखावर बाकासमोर मांडायचं. सगळे ठिपके एका सरळ रेषेत येतात. त्या रेषेचा चढ उलटा केला की खांब कोणत्या वजनाला हात टेकेल तो आकडा मिळतो. वरच्याच आकड्यांवर करा. ६ किलोन्यूटनला ३.४ भागिले ६ म्हणजे ०.५६७, ९ ला ११.५ भागिले ९ म्हणजे १.२७८. दोहोंतला फरक ०.७११, बाकातला फरक ८.१. भागाकार ११.४ किलोन्यूटन. वर सूत्रानं आलेले ११.३ आठवा. खांब न मोडता त्याची मर्यादा कळली, आणि जॅक उतरवल्यावर तो पुन्हा होता तसा. इतकी देखणी चाचणी मला दुसरी माहीत नाही. डिप्लोमाच्या मुलानं ही स्वतःच्या हातानं करावी असं मला मनापासून वाटतं.

एकाच खांबावर समाधान मानू नका, लॉटमधले निदान तीन घ्या. चाचणी चालू असताना कुणीही खांबाच्या कडेला, तो ज्या बाजूला झुकेल तिथे, उभं राहायचं नाही. दोन्ही बाजूंना जमिनीला पक्के केलेले अडसर ठेवा.

मग तुकड्याची चाचणी सोडायची का? नाही. ती माल ओळखायला हवीच. ६०६३ ला आपल्या भारतीय मानकात ६३४०० म्हणतात, जुन्या लोकांच्या तोंडी एचई-९. सर्टिफिकेटवर यांपैकी काहीही असू शकतं. खरा प्रश्न शेवटच्या टी६ चा आहे. सेक्शन भट्टीत नीट मुरवला नसेल तर दिसायला तोच, पण हाताला मऊ. प्रत्येक नगावर वेबस्टरचं पक्कडीसारखं हार्डनेस टेस्टर दाबून बघा, मऊ नग लगेच वेगळा पडतो. शंका आली तर पट्टी कापून आयएस १६०८ प्रमाणे ताण-चाचणी करून घ्या. अ‍ॅल्युमिनिअमला लोखंडासारखा ठळक यील्ड पॉइंट (धातू एकदम लांबू लागतो ती जागा) नसतो, म्हणून ०.२ टक्के प्रूफ स्ट्रेस मागायचा.

मऊ मालाचा फटका वेल्डिंगजवळ बसतो, आणि वेल्डिंग स्वतःच माल मऊ करतं. बेस प्लेटला खांब आर्गॉननं वेल्ड केलात की जोडापासून सुमारे २५ मिमीपर्यंत टी६ ची मेहनत उष्णतेनं पुसली जाते. ६०६३-टी६ ची प्रूफ स्ट्रेस तिथे निम्म्याहूनही खाली येते. हललेल्या स्टँडचा सगळा जोर नेमका त्याच बुंध्याशी येतो. म्हणून खांब वेल्डिंग केलेला असेल तर चाचणीचा नगही वेल्डिंग केलेलाच हवा. शक्य असेल तर पाया वेल्ड न करता सॉकेट आणि बोल्टचा करा.

आता स्टँड करायचाच तर कसा? चारही बाजूंना पूर्ण उंचीचं तिरकं ब्रेसिंग हवंच, त्यावर मी तडजोड करणार नाही. त्यानं वरचं टोक जागेवर राहतं आणि २९० किलोचे ११५० होतात. तरीही भरलेल्या टाकीचे सव्वापाचशे किलो प्रत्येक खांबावर येतात, वर वाऱ्यानं एका बाजूच्या खांबांवर भर पडते. निदान दुपटीची राखीव ताकद मी मागेन, आणि ५० चा सेक्शन त्यात बसत नाही. ७५ बाय ७५, दोन मिमी घ्या. धातू दीडपट लागतो, पण मर्यादा साडेतीनपट, चार टनांच्या वर जाते. हाच मोह पुढे नेऊन १०० बाय १००, दीड मिमी मात्र घेऊ नका. धातू ७५ च्या सेक्शनएवढाच, सूत्रात आकडाही मोठा दिसतो, पण भिंत इतकी पातळ की खांबाचा बाक यायच्या आत तिलाच सुरकुत्या पडू लागतात. अशा सेक्शनला तो १५० मिमीचा तुकडा खरोखर कामाचा, कारण सुरकुती तिथे दिसते.

टाकी रिकामी असताना वारा स्टँड उलथवायला बघतो, तेव्हा अँकर बोल्ट किती खोल आणि स्लॅबमध्ये कशात धरलेत तेही बघायला हवं. वाऱ्याचा हिशेब आयएस ८७५ च्या भाग ३ प्रमाणे आणि अ‍ॅल्युमिनिअमची मोजणी आयएस ८१४७ प्रमाणे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून, सही घेऊनच काम सुरू करा. गच्चीच्या स्लॅबनं दोन टन कुठे घ्यायचे हेही त्यांनाच विचारा.

गिऱ्हाइकाचा हट्ट वेडा नाही. कॅनडात आर्विडा इथे १९५० पासून रस्त्याचा अख्खा पूल अ‍ॅल्युमिनिअमचा उभा आहे. त्याच क्यूबेक प्रांतात १९०७ मध्ये बांधकाम चालू असलेला पोलादी पूल दाबाखालचे भाग वाकून कोसळला आणि ७५ कामगार गेले. ते भाग वाकू लागल्याचं आधीचे काही दिवस दिसत होतं, मोजलंही होतं. काम थांबलं नाही. म्हणून तुमच्या स्टँडवर पहिल्यांदा पाणी चढवाल तेव्हा पाव-पाव टाकी भरा, प्रत्येक वेळी थांबून चारही खांबांना ओळंबा लावा, आणि एखाद्याचा बाक आधीच्यापेक्षा जास्त वेगानं वाढताना दिसला तर लगेच टाकीचा व्हॉल्व्ह उघडा.

प्रश्न : आमच्या घराच्या मागच्या शेडचे अ‍ॅल्युमिनिअमचे खांब २०१९ आणि २०२१ च्या दोन्ही महापुरांत बुडाले होते. वरून चांगले दिसतात. त्यांची ताकद कमी झाली असेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : काही दिवसांच्या पुराच्या पाण्यानं खांबाचा धातू सहसा कमकुवत होत नाही, त्याच्यावरचा ऑक्साइडचा पातळ थर त्याला सांभाळतो. तुम्ही जोड बघा. लोखंडी किंवा जीआय बोल्ट जिथे अ‍ॅल्युमिनिअमला टेकतात तिथे ओल राहिली की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते. आधी बोल्टवरचं जस्त संपतं, आणि नंतर अ‍ॅल्युमिनिअम झिजायला लागतं. खांबाचा बुंधा काँक्रीटमध्ये थेट गाडलेला असेल तर सिमेंटचा अल्कलीही त्याला खातो. बुंध्याशी साचलेला गाळ पूर्ण काढा, खांबाच्या पोकळीतलासुद्धा, आणि तळाशी पाणी निघायला भोक आहे का पाहा. एकेक बोल्ट काढून भोकाभोवती पांढरी पूड, खड्डे दिसतात का ते तपासा. खड्डे असतील तिथली भिंत कॅलिपरनं मोजा आणि मूळ जाडीशी ताडून बघा. नवे बोल्ट स्टेनलेसचे आणि मध्ये नायलॉनचे वॉशर घाला. पुराच्या लोटानं किंवा वाहून आलेल्या ओंडक्यानं खांब हलला असण्याची शक्यता असते, म्हणून प्रत्येक खांबाला वरपासून खालपर्यंत दोरी ताणून पाहा. तीन मीटरच्या खांबात तीन मिमीहून बरंच जास्त अंतर दिसलं, तर तो खांब ठोकून सरळ न करता बदलून घ्या.